पहिलं औषध सोसलं नाही, तर पुढे काय?

(सामुदायिक रेडिओवरून झालेलं भाषण)

दुपारची भांडी झाली असतील, नसतील तर घासता घासता ऐका.

आज कर्जाचं, हप्त्याचं, मसाल्याच्या पॅकिंगचं काही बोलणार नाही. आज लहान मुलांच्या एका औषधाबद्दल बोलायचं आहे, आणि त्यात माझ्या हातून झालेली एक चूकही सांगायची आहे. मी बी.ए. झालेली, गटांचं काम बघणारी बाई. डॉक्टर नाही. तेव्हा जे सांगते ते समजून घ्यायला ऐका. औषध किती, कधी, बदलायचं की थांबवायचं, हे मात्र डॉक्टरांनाच विचारायचं. हे मी आधीच का सांगते, ते पुढे कळेलच.

आमच्या एका गटात एक सदस्य आहे. तिचं नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. हा सगळा कागद तिला वाचून दाखवला, तिने ‘बोला ताई’ म्हटलं, मगच इथे आले. तिचा मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत शिकतो. मीटिंगला आईबरोबर यायचा तेव्हा आम्ही पैसे मोजेपर्यंत गटाची पेटी चारदा उघडून चारदा बंद करायचा. शाळेतून रोज काहीतरी हरवून यायचा. कधी पेन्सिल, कधी टोपी, एकदा तर एकच चप्पल पायात. हाक मारली तर ऐकायचा नाही, सांगितलेलं अर्ध्यात सोडायचा, आणि बोलायला लागला की दुसऱ्याला बोलूच द्यायचा नाही. घरात सगळे म्हणायचे, आईने लाडावून ठेवलाय. आईनेही ते खरं मानलं होतं. मारून झालं, उपाशी ठेवून झालं, अंगारा लावून झाला.

शाळेत आरोग्य तपासणीचं पथक आलं, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं. हे पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येतं, तुम्हाला माहीत आहे. त्यांनी चिठ्ठी देऊन जिल्ह्याच्या रुग्णालयात पाठवलं. तिथे एका फेरीत काम झालं नाही. आईला वेगळे प्रश्न, गुरुजींना भरायला वेगळा फॉर्म. डोळे तपासले, कान तपासले, रक्त तपासलं. झोपेत घोरतो का, मध्येच टक लावून गप्प होतो का, हे विचारलं. कारण ऐकू कमी येणारं मूलही ‘लक्ष देत नाही’ असंच दिसतं, रक्त कमी असलेलं मूलही, आणि फिटचा एक बारीक प्रकार असतो त्यातही मूल काही क्षण हरवल्यासारखं होतं. हे सगळं नाही म्हटल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, याला एडीएचडी आहे. मराठीत अवधान कमी आणि चंचलता जास्त असं म्हणता येईल, पण आपण एडीएचडीच म्हणू, दवाखान्यात तोच शब्द ऐकू येतो.

प्रत्येक वांड पोराला एडीएचडी नसतो बरं का. ही लक्षणं बारा वर्षांच्या आत सुरू झालेली असावी लागतात, सहा महिने तरी टिकलेली असावी लागतात, आणि घरी पण, शाळेत पण दिसावी लागतात. नुसतं घरीच उनाड आणि शाळेत शहाणं असेल तर गोष्ट वेगळी. आणि हा आईच्या वळणाचा दोष नाही, साखर खाल्ल्यानेही होत नाही. मेंदूत एका पेशीकडून दुसरीकडे निरोप नेणारी रसायनं असतात, डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रिनलिन. लक्ष टिकवणं, थांबणं, आपली पाळी येईपर्यंत धीर धरणं, ही कामं या निरोप्यांवर चालतात. या मुलांमध्ये तिथेच गडबड असते.

आता औषधाकडे येते. मूल सहा वर्षांपेक्षा लहान असेल तर आधी आईवडिलांनाच शिकवतात, मुलाशी कसं वागायचं ते. औषध नंतर. सहाच्या पुढे बहुतेक वेळा पहिलं औषध निघतं ते मिथाइलफेनिडेट. याला स्टिम्युलंट म्हणतात, म्हणजे उत्तेजक. चंचल मुलाला आणखी उत्तेजक कशाला, असं आम्हालाही वाटलं होतं. पण ते उत्तेजन मिळतं मेंदूतल्या लगाम धरणाऱ्या भागाला, म्हणून मूल शांत बसतं. ही गोळी सकाळी दिली की तासाभरात काम सुरू, तीन-चार तासांत उतरली. जास्त वेळ चालणारीही येते. आपल्या भाषेत ही रोजंदारी. आज कामाला गेलं, आज पैसे हातात, संध्याकाळी संपले. दहातल्या सात मुलांना या जातीच्या औषधाचा चांगला उपयोग होतो, म्हणून डॉक्टर आधी तेच निवडतात. उगाच नाही.

पण हे औषध मेडिकलवर सहज मिळत नाही. ते कायद्याच्या शेड्यूल एक्समध्ये आहे. त्यासाठी दुकानदाराला वेगळा परवाना लागतो, डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते, आणि एक प्रत दुकानदार दोन वर्षं जपून ठेवतो. आमची ही मैत्रीण तालुक्यात तीन दुकानं फिरली. तिसऱ्याने दोन चिठ्ठ्या मागितल्या तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या बाईने गावात येऊन सांगितलं, हिच्या पोराला नशेची गोळी लागते. कडक नियम आहे तो औषध चोरून विकलं जाऊ नये म्हणून. डॉक्टरांनी ठरवलेल्या मापात मुलाला दिलं तर ती नशा नव्हे. पण एकदा बोलणं पसरलं की आवरत नाही.

त्या मुलाला या गोळीने शाळेत फरक पडला, हे खरं. पण भूक गेली. डबा जसाच्या तसा परत यायचा. चार महिन्यांत वजन चोवीस किलोवरून बावीसवर आलं. रात्री बारा-बारापर्यंत झोप नाही. संध्याकाळी औषध उतरलं की रडारड. डॉक्टरांनी मात्रा कमी केली, वेळ बदलली, गोळीच्या आधी पोटभर खायला घालायला सांगितलं. पुष्कळ मुलांचं एवढ्यावर भागतं, म्हणून जरा त्रास झाला की लगेच औषध बदलायची घाई डॉक्टर करत नाहीत. याचं नाही भागलं.

अशी मुलं असतात. कुणाचं वजन घटतं, कुणाची झोप उडते, कुणी फार चिडचिडं किंवा घाबरट होतं, कुणाचे डोळे मिचकावणं किंवा मान उडवणं वाढतं. कुणाच्या हृदयाला जन्मापासून दोष असतो, तिथे हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे औषध देतच नाहीत. कुणाच्या घरात व्यसनी माणूस असतो आणि गोळ्या जागेवर राहतील याची खात्री नसते. आणि कुणाला सगळं सोसतं, पण उपयोगच होत नाही. या सगळ्यांसाठी दुसऱ्या जातीची औषधं आहेत, त्यांना नॉन-स्टिम्युलंट म्हणतात. आजचं बोलणं खरं तर इथून सुरू होतं.

त्यातलं आपल्याकडे जास्त वापरलं जाणारं म्हणजे अ‍ॅटोमॉक्सेटिन. हे आधी नैराश्यावर चालतं का म्हणून पाहत होते, तिथे जमलं नाही, एडीएचडीवर जमलं. अमेरिकेत २००२ मध्ये सहा वर्षांपुढच्या मुलांसाठी त्याला परवानगी मिळाली. ते नॉरअ‍ॅड्रिनलिन या निरोप्याला जास्त वेळ कामावर ठेवतं. त्याची सवय लागत नाही, नशेसाठी कुणी वापरत नाही, ते शेड्यूल एक्समध्ये नाही. साध्या एका चिठ्ठीवर मिळतं. चिठ्ठी मात्र लागतेच.

पण हे रोजंदारीचं औषध नाही. ही बचत आहे. पहिल्या आठवड्याला शंभर रुपये टाकले, दुसऱ्या आठवड्याला शंभर टाकले, पेटी उघडून बघितली तर काय दिसणार? चिल्लर. तसं हे. रोज द्यायचं, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, आणि खरा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. कधी आठ-दहा, बारासुद्धा. एकदा जम बसला की दिवसभर सारखा राहतो, संध्याकाळी उतरत नाही, ही त्याची जमेची बाजू. ताकदीत ते पहिल्या औषधापेक्षा सरासरीने थोडं कमी पडतं, हेही सांगायला हवं. पण ज्याला पहिलं सोसतच नाही त्याला त्या ताकदीचा काय उपयोग?

मात्रा वजनावर ठरते. सुरुवातीला किलोमागे रोज साधारण अर्धा मिलिग्रॅम आणि मग वाढवत किलोमागे एक पूर्णांक दोन मिलिग्रॅमच्या आसपास. बावीस किलोच्या मुलाला म्हणून दहाच्या कॅप्सूलपासून सुरू करून पंचविसापर्यंत न्यायचं, असं आमच्या डॉक्टरांनी ठरवलं होतं, आणि वाढ दर दोन आठवड्यांनी. हा हिशोब तुम्ही घरी करावा म्हणून सांगत नाही. डॉक्टर दर वेळी काट्यावर का उभं करतात आणि पहिल्या चिठ्ठीवरचं औषध ‘कमी ताकदीचं’ का असतं, ते कळावं म्हणून सांगते.

आता माझी चूक.

कॅप्सूल सुरू होऊन तिसरा आठवडा होता. मीटिंग संपल्यावर ही थांबली. म्हणाली, “ताई, रोज पोट दुखतं म्हणतो, उलटीसारखं होतं. गुरुजी म्हणतात वर्गात पेंगतो. आणि फरक तर काडीचा नाही.” जिल्ह्याला जायचं म्हणजे दोघांचं एसटीचं भाडं, तिची खुरपणीची एक हजेरी बुडणार, वर औषध. गटाकडून तीन हजारांचं कर्ज आधीच घेतलेलं. मी रजिस्टर भरत होते. मान वर न करता म्हणाले, “मग बंद करून बघ की थोडे दिवस.”

शिलाई मशीनच्या बाबतीत द्यावा तसा सल्ला मी दिला. तिने बंद केलं. गटाची ताई, शिकलेली बाई, तिने सांगितलं म्हटल्यावर कोण विचार करणार? मधल्या काळात सासूबाईंनी जत्रेतून ‘बुद्धी वाढवणारी’ एक बाटली आणली. तिच्यावर ना कारखान्याचं नाव, ना तारीख. चार आठवडे ते पाजलं. शाळेतून तक्रारी परत सुरू झाल्या, एकदा पोरगं बैलगाडीच्या मागे लोंबकळताना पडलं आणि हनुवटीला टाके पडले. तेव्हा मी तिच्याबरोबर रुग्णालयात गेले. डॉक्टरांनी विचारलं, औषध कुणी बंद केलं? ती खाली बघत राहिली, माझं नाव घेतलं नाही. मला बाकावर बसवेना. मी आत गेले आणि सांगितलं.

ते रागावले नाहीत. कागदावर रेघ ओढून त्यांनी आठवडे लिहिले आणि दाखवलं, तुम्ही इथे सोडलंत, आणि काम सुरू होणार होतं ते इथे. मग एकेक विचारलं. कॅप्सूल कधी देता? सकाळी सातला, चहाबरोबर. त्यानंतर पोटात काय जातं? दुपारी एकला शाळेतली खिचडी. म्हणजे सहा तास रिकाम्या पोटी. पोटदुखी आणि मळमळ त्यातूनच वाढली होती. हे औषध पोटभर खाल्ल्यावर दिलं तर हा त्रास पुष्कळ कमी होतो, आणि बहुतेक मुलांत सुरुवातीच्या काही आठवड्यांत आपोआपही उतरतो. पेंग येत असेल तर डॉक्टर सकाळची वेळ बदलून संध्याकाळची करू शकतात. त्याला रात्रीच्या भाकरीनंतर द्यायचं ठरलं. दोन्ही त्रासांचा उपाय एवढाच होता, आणि तो विचारायला फोन पुरला असता.

आणखी एक निघालं. मुलाला गिळता येत नाही म्हणून आई कॅप्सूल फोडून पूड दुधात घालत होती. या कॅप्सूलच्या बाबतीत ते चालत नाही. ती पूड डोळ्यात गेली तर डोळ्याची आग होते, लगेच पाण्याने डोळा धुवावा लागतो. सबंध गिळायला शिकवायचं. तिथल्या सिस्टरने युक्ती सांगितली, ती फार उपयोगी आहे. बडीशेपेच्या रंगीत साखरगोळ्या मिळतात ना, त्यातला बारकातला बारका दाणा घ्यायचा. मुलाला ताठ बसवायचं, दाणा जिभेवर मागे ठेवायचा, मोठा घोट पाण्याचा. रोज पाच मिनिटं. जमलं की थोडा मोठा दाणा. आठव्या दिवशी पोरगं कॅप्सूल गिळायला लागलं. पण औषधालाच ‘खाऊ’ म्हणू नका. घरात धाकटी भावंडं असतात.

आता सावधगिरीच्या गोष्टी, आणि या नीट ऐका, भांडी बाजूला ठेवा.

हे औषध घेणाऱ्या थोड्या मुलांच्या मनात स्वतःला इजा करण्याचे विचार आले, असं औषधाच्या चाचण्यांत दिसलं. हजारात चार मुलं, असं प्रमाण होतं. ज्यांना नुसती खोटी गोळी दिली होती त्यांच्यात एकही नव्हतं. चाचण्यांत कुणी जीव गमावला नाही. तरी औषधाच्या कागदावर हा इशारा ठळक चौकटीत छापतात. म्हणून पहिले काही महिने, आणि मात्रा वाढवली की पुन्हा, मुलाकडे लक्ष ठेवायचं. एकदम गप्प झालं, कोपऱ्यात बसू लागलं, कधी नव्हे एवढं चिडू लागलं, ‘मला नको जगायला’ असं काही बोललं, तर ‘पोर आहे, बोलतं’ म्हणू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं, आणि तोवर मुलाला एकटं सोडायचं नाही.

दुसरं यकृत, म्हणजे लिव्हर. क्वचितच होतं, पण डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज, पोटात उजवीकडे वर दुखणं, यातलं काही दिसलं तर औषध थांबवून लगेच रुग्णालय गाठायचं. इथे मात्र वाट बघायची नाही. याला कावीळ समजून झाडपाला द्यायला नेऊ नका.

तिसरं, नाडी आणि बीपी थोडं वाढतं. म्हणून दर भेटीला दोन्ही मोजून घ्या, त्यांनी नाही मोजलं तर आपण आठवण करा. छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलं तर लगेच दाखवा. आणि एक समज काढून टाका. स्टिम्युलंट नाही म्हणजे सौम्य, कुणालाही चालेल, असं नाही. हृदयाचा मोठा दोष असेल तर अ‍ॅटोमॉक्सेटिनलाही हृदयाच्या डॉक्टरांची परवानगी लागते. मुलाला दमा असेल, वाफ किंवा पंप चालू असेल, कुठलं मानसिक आजाराचं औषध चालू असेल, तर तेही सांगायचं. काही औषधांमुळे याचं प्रमाण रक्तात नको तेवढं वाढतं. एखादा दिवस द्यायचं राहिलं तर दुसऱ्या दिवशी दोन देऊ नका.

दुसरं औषध क्लोनिडिन. हे मुळात मोठ्यांच्या बीपीचं जुनं औषध. मुलांमध्ये ते अंगातली चळवळ, उतावळेपणा कमी करतं, आणि ज्यांची झोप उडालेली असते किंवा डोळे-मान उडवण्याची सवय असते त्यांना त्याचा जास्त फायदा होतो. अभ्यासातलं लक्ष त्याने तेवढं सुधारत नाही. कधी एकटं देतात, कधी दुसऱ्या औषधाच्या जोडीला. याने पेंग येते, बीपी आणि नाडी खाली जाते, उठताना चक्कर येते. आणि याचा सगळ्यात मोठा नियम म्हणजे एकदम बंद करायचं नाही. एकदम सोडलं तर बीपी उसळतं. पायरीपायरीने उतरवावं लागतं, तेही डॉक्टर सांगतील तसं.

हे मी ऊसतोडीला जाणाऱ्या मैत्रिणींसाठी मुद्दाम सांगते. दिवाळीच्या आसपास निघालात की पाडव्याच्या सुमारास परत. तिकडे कारखान्याच्या पट्ट्यात गोळ्या संपल्या आणि चिठ्ठी घरी राहिली, तर काय होईल विचार करा. निघायच्या आधी डॉक्टरांना सांगा की सहा महिने गाव सोडतोय. किती दिवसांच्या गोळ्या बरोबर न्यायच्या, संपल्या तर कुठे जायचं, ते लिहून घ्या, आणि चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. आणि कोपीत गोळ्या बाळाच्या हाताला लागतील अशा ठेवू नका. क्लोनिडिनची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, म्हणजे मिलिग्रॅमचाही हजारावा भाग. तान्ह्या-रांगत्या मुलाने एखाददुसरी गोळी गिळली तरी त्याला न उठणारी झोप लागू शकते, श्वास मंद होऊ शकतो. तसं झालं तर मिठाचं पाणी पाजून ओकवत बसू नका. पाकीट घेऊन दवाखाना गाठा, १०८ ला फोन लावा.

क्लोनिडिनच्याच नात्यातलं ग्वानफॅसिन नावाचं औषध आहे, अमेरिकेत २००९ पासून या आजारासाठी वापरतात. नैराश्यावरची काही जुनी औषधंही कधीकधी देतात, पण त्यांच्याआधी हृदयाचा आलेख काढावा लागतो. तुमच्या चिठ्ठीवर असलं नाव आलं तर डॉक्टरांनाच विचारा, मी त्यात शिरत नाही.

आणि ती जत्रेतली बाटली? ब्राह्मी, शंखपुष्पीला मी नावं ठेवत नाही, माझ्या आजीनेही आम्हाला चाटवली आहे. पण एडीएचडीच्या मुलात औषधाऐवजी त्यावर विसंबावं एवढा पुरावा नाही. आणि नाव-पत्ता नसलेल्या बाटलीत काय घातलंय ते देव जाणे. काही भस्मांत शिसं निघालेलं आहे, आणि शिसं मुलाच्या मेंदूला घातकच. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल येतात, त्यांचा झाला तर थोडा फायदा होतो, पण त्या महाग. मी तर म्हणेन तेच पैसे अंडी-डाळींवर घाला. रक्तात लोह कमी असेल तर ते भरून काढणं मात्र नक्की कामाचं, म्हणून तपासून घ्या. काही घरगुती देत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. आमच्या मैत्रिणीने बाटली पिशवीत घालून नेली आणि टेबलावर ठेवली. सासूबाईंचाही मान राहिला, डॉक्टरांनी त्यांनाच फोनवर समजावलं.

औषध हे अर्धं काम. राहिलेलं घरी आणि शाळेत. एका वेळी एकच गोष्ट सांगायची, तीही लांबून ओरडून नाही, जवळ जाऊन, डोळ्यात बघून. ‘दप्तर ठेव, हातपाय धू, दूध पी आणि अभ्यासाला बस’ असं सांगितलं की त्याला पहिलंच ऐकू जातं. चांगलं वागला तर तिथल्या तिथे शाबासकी, संध्याकाळपर्यंत राखून ठेवलेली त्याच्या कामाची नाही. गुरुजींना सांगून पहिल्या बाकावर, खिडकीपासून लांब. गणितं वीस असतील तर पाच-पाच करून. मार बंद.

आता कॅलेंडरचं सांगते, कारण आमच्या कामी तेच आलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजच्या चौकोनात तिने खुणा सुरू केल्या. औषध दिलं की टिंब. जेवला तर ‘जे’, पोट दुखलं तर ‘पो’, झोप लागली तर ‘झो’. शनिवारी गुरुजींना एकच प्रश्न, या आठवड्यात कसा होता, आणि त्यांचा शब्द लिहायचा. महिन्यातून एकदा उपकेंद्रात वजन. तिची शाळा सातवीपर्यंत झाली आहे, पण ते पान बघून डॉक्टर म्हणाले, माझ्या केसपेपरपेक्षा यातून जास्त कळतं. मग मात्रा वाढवायची की नाही हे त्या पानावरून ठरू लागलं.

पैशाचंही बोलते. चिठ्ठीवर कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून मागा, जनऔषधी केंद्रात विचारायला पैसे पडत नाहीत. गावातल्या मेडिकलवाल्याकडे हे औषध पडून नसतं, म्हणून संपायच्या आठ दिवस आधी सांगून ठेवा. आमच्या गटात कर्जावरून वाद झाला होता. दोघी म्हणाल्या, पोराच्या खोडीला कसलं कर्ज, आजारपण म्हणजे ताप-टायफॉइड. मी तेव्हा गप्प बसले होते. नंतर ठराव घेतला की डॉक्टरांचा कागद असेल तर मनाचा-मेंदूचा आजारही आजारपणातच धरायचा, व्याज तेच, हप्ता तोच. तुमच्या गटातही हा ठराव घेऊन ठेवा, गरज पडल्यावर वाद घालायला वेळ नसतो.

मुलाला औषध पुन्हा दहाच्या कॅप्सूलपासून सुरू केलं. पाचव्या आठवड्यापर्यंत कॅलेंडरवर विशेष काही नाही, आणि या वेळी आम्ही दोघींनी दम धरला. सातव्या शनिवारी गुरुजींचा शब्द आहे, ‘पानभर गणितं पूर्ण’. त्याच आठवड्यात दप्तरातून पेन्सिलीचा डबा घरी परत आला, आईने तो मला फोनवर वाजवून दाखवला. वजन तेवीसवर आलं आहे. फार मोठा चमत्कार झालाय असं नाही. अजून तासाला दोनदा उठतो, मागच्या आठवड्यात पाण्याची बाटली हरवली. पुढच्या भेटीत मात्रा आहे तीच ठेवायची का, ते ठरेल.

तुमच्या घरी किंवा शेजारी असं मूल असेल तर शाळेत तपासणीचं पथक येण्याची वाट बघू नका. आशाताईंना सांगा, किंवा थेट जिल्हा रुग्णालयात बाळांच्या आणि मनाच्या आजारांच्या विभागात जा. औषध चालू असेल आणि मनात शंका असेल, फेरी परवडत नसेल, तर सरकारची टेलिमानस नावाची फोनसेवा आहे. नंबर लिहून घ्या, १४४१६. फोन फुकट, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीतून बोलता येतं. मी त्या दिवशी ‘बंद करून बघ’ म्हणण्याऐवजी हा नंबर फिरवायला हवा होता. आता तो आमच्या गटाच्या रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर लिहिलेला आहे.

पुढच्या मंगळवारी याच वेळेला सिस्टर येणार आहेत, लहान मुलांचं वजन घरच्या घरी कसं वाढवायचं ते सांगायला. प्रश्न असतील तर लिहून केंद्रावर पाठवा.